राऊत सरांचं ‘कशावरून?’

मी पेशंटचा ताप मोजला की डॉक्टर राऊत तो पुन्हा मोजत, आणि दोघांचे आकडे सारखे आले की चिडत. वेगळे आले तर खूश असायचे. वेगळे आले म्हणजे सिस्टर चुकली, विषय संपला. सारखे आले की मात्र कपाळावर आठी. मग ते आपला जुना काचेचा थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरत, एकदा पाऱ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे बघत आणि म्हणत, "योगायोग."

म्हणजे गेली सात वर्षं मी रोज पंधरा-वीस योगायोग घडवते आहे.

आमचं हॉस्पिटल बोईसरला, स्टेशनवरून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तीस खाटा, खाली मेडिकलचं दुकान, शेजारी टायरवाला. कारखान्यातले हिंदी बोलणारे कामगार येतात, मासवण-मनोरकडचे आदिवासी येतात, किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि वाडीवाले येतात. एका वॉर्डात चार भाषा चालतात. राऊत सर ह्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, "कशावरून?"

मी राउंडला सांगावं, "सर, बेड सातला रात्री चांगली झोप लागली."

"कशावरून?"

"घोरत होते, सर."

"घोरणं ही तक्रार आहे, झोप नव्हे. पुढे."

"बेड तीनचं पोट साफ झालं."

"कशावरून?"

आता ह्या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं? माझ्याबरोबर ड्युटीला निर्मला तांडेल सिस्टर असते. सातपाटीची. आम्ही दोघी एका वयाच्या, पण तिची जीभ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण. ती ट्रेमधली कात्री सरळ करत म्हणाली, "दाखवायला ठेवलं नाय सर. चुकलं आमचं."

सर हसले नाहीत. "पुढच्या वेळी विचारा तरी," एवढं म्हणून बेड चारकडे गेले.

हे फक्त आमच्यापुरतं असतं तर मी म्हटलं असतं, डॉक्टर आणि नर्स यांचं जुनंच आहे. पण चहावाला म्हणाला, साखर कमी घातलीय, तर त्यालाही कशावरून. लाईट गेली की कुणीतरी म्हणतं, पंधरा मिनिटांत येईल, त्यालाही कशावरून. एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, "हे माझे मिस्टर." सर केसपेपर वाचत होते. मान वर न करता सवयीनं म्हणाले, "कशावरून?" त्या बिचारीनं घाबरून मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं. मिस्टरांचा ताप बाजूला राहिला, आधी तिला पाणी द्यावं लागलं.

सर दिसायला उंच, काटकुळे. साठीला टेकलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पोटाच्या बऱ्याच वर चढवलेली पँट. पालघरच्या पलीकडे माहीमला त्यांची वाडी आहे, तिथून रोज सकाळी जुन्या गाडीनं येतात. साडेआठ म्हणजे साडेआठ. सोबत चामड्याची बॅग. तिच्यात स्वतःचा थर्मामीटर, स्वतःचं पाऱ्याचं बीपीचं यंत्र, तेही बाळाला गुंडाळावं तसं टॉवेलात गुंडाळलेलं, आणि एक लाल पेन. हॉस्पिटलात नवीन मशिनं आहेत, बटण दाबलं की आकडा येतो. सर त्या मशिनकडे बघतसुद्धा नाहीत. "बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही," म्हणतात. पगारावर चालणाऱ्या नर्सवर तर नाहीच नाही.

लाल पेनाची तर वेगळीच कथा. चार्टवर मी निळ्या शाईत आकडा लिहायचा, त्याच्याखाली सर लाल शाईत आपला लिहिणार. माझं शंभर पॉइंट दोन, त्यांचं शंभर पॉइंट दोन. चार्ट बघणाऱ्याला वाटावं, हा पेशंट शाळेत जातो आणि त्याच्या वह्या तपासून होतात. एकदा एका पेशंटच्या मुलानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, बाबांना किती मार्क पडले?"

सर रागावले की ओळखायची खूण सोपी. एरवी ते पुस्तकात लिहिल्यासारखं मराठी बोलतात. राग चढला की ‘आहे’चं ‘हाय’ होतं आणि ‘नाही’चं ‘नाय’. निर्मलानं ह्याला नाव ठेवलं होतं, सर गावाला गेले. "आज नको विचारू काय," ती मला दारातच सांगायची, "सर सकाळपासून गावाला गेलेत."

मी घाटावरची. लग्न होऊन इकडे आले, नवरा एका कारखान्यात फिटर. नर्सिंगला वीस वर्षं झाली. ऑपरेशन थिएटर केलं, आयसीयू केलं, बाळंतपणं तर मोजली नाहीत. रागीट डॉक्टर बघितले, विसराळू बघितले, हातातलं फेकून मारणारा एक बघितला. त्यांचं काही वाटायचं नाही. फेकणारा माणूस फेकून मोकळा होतो. पण माझ्याशी अतिशय सभ्यपणे, हळू आवाजात बोलून, दिवसातून वीस वेळा मला खोटं ठरवू बघणारा माणूस मला ह्या सात वर्षांत भेटला. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, "आज दूध नासलं वाटतं." माझ्या तोंडून निघायचं, "कशावरून?" आणि मग मीच कपाळावर हात मारून घ्यायची.

शेवटी आम्ही दोघींनी त्यांना धडा शिकवायचं ठरवलं.

सर तीन दिवस सुट्टीवर होते, त्या दिवसांत आलेला, सरांनी न बघितलेला बेड नऊवरचा एक तरुण मुलगा बरा होऊन निघाला होता. त्याला न्यायला मासवणहून त्याचा काका आला होता. मुलगा खाली औषधं घ्यायला गेला, काका रिकाम्या खाटेवर जरा आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. निर्मलानं पुतण्याचा जुना चार्ट परत खाटेला अडकवला, काकाच्या अंगावर चादर घातली आणि मला पडद्यामागे ओढलं. "बघू दे आता, सर काय तपासतात ते!"

सर आले. काकाला उठवलं. काका बिचारा गरीब माणूस. त्याला वाटलं, ह्या हॉस्पिटलात आलेल्या प्रत्येकाला तपासतात. त्यानं जीभ दाखवली, पोट दाबून घेतलं, लांब श्वास घेतले.

"ताप आहे का अजून?"

"मला ताप नाय, साहेब."

"कशावरून?"

पडद्यामागे निर्मला तोंडात रुमाल कोंबून उभी. सरांनी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मग टॉवेल सोडून बीपीचं यंत्र काढलं. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. दुसऱ्या हातावर मोजलं. मग चार्ट हातात घेऊन कडाडले, "सिस्टर!"

आम्ही बाहेर आलो.

"ह्या माणसाचं बीपी दोनशेवर एकशे दहा आहे. आणि तुम्ही तीन दिवस एकशे वीस-ऐंशी लिहिताय!"

आता काय करता? गप्प बसावं तर तीन दिवसांचे माझे आकडे खोटे ठरतात. बोलावं तर आमचा चावटपणा उघडा पडतो. मी खरं सांगितलं. सर शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी तपासलं नसतं तर हा माणूस दोनशेचं बीपी घेऊन एसटीनं मासवणला गेला असता."

काकाला त्याच खाटेवर ॲडमिट केलं. पुतण्या औषधं घेऊन वर आला तेव्हा पेशंट बदललेला होता.

त्या दिवशी मी अर्ज लिहिला. दोन पानी. हॉस्पिटल ज्यांचं, त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो, बायकांच्या डॉक्टर आहेत. त्यांना लिहिलं की वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला साधा ताप मोजता येतो असं कुणी मानणार नसेल, तर एक तर मला दुसऱ्या वॉर्डात टाका, नाही तर राऊत सरांना. दुसरा वॉर्ड नाही हे मलाही माहीत होतं.

मॅडमनी दोघांना बोलावलं. चहा मागवला. सरांना विचारलं, "गायकवाड सिस्टरांबद्दल तुमची काय तक्रार आहे?"

"काही नाही," सर म्हणाले. "उत्तम काम आहे त्यांचं."

मॅडम म्हणाल्या, "मग त्यांचं सगळं दुसऱ्यांदा का तपासता?"

"उत्तम आहे म्हणूनच. आळशी माणसाचं तपासायचं काय, ते चुकीचंच असतं हे धरून चालता येतं. चांगल्या माणसाची चूक सापडत नाही. ती शोधावी लागते."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की बघा, झालं ना समाधान. माझं कसलं समाधान! स्तुती झाली की अपमान, हे मला दारातून बाहेर येईपर्यंत कळलं नव्हतं. निर्मला वाट बघत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "चांगला माणूस हाय पण. मनात काय नाय त्याच्या."

"चांगला कशावरून?" मी म्हणाले आणि ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन चालू लागले.

हे असं चाललं होतं आणि असंच चाललं असतं. मग हरिलाल आला.

हरिलाल उत्तर प्रदेशचा, पस्तिशीतला, अंगानं किडकिडीत. कारखान्यात टाकी धुताना हातावर काहीतरी उडालं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं. फार खोल नव्हतं. ठेकेदाराचा माणूस त्याला सोडून गेला. ड्रेसिंग केलं, एक दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी राऊत सरांनी हात बघितला, समाधान झालं, डिस्चार्ज लिहिला.

मी पेपर तयार करायला घेतले, पण माझं लक्ष हरिलालकडे जात होतं. तो सकाळपासून खाटेवर बसून होता. पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, जरा पुढे वाकून. वॉर्डातले बाकी सगळे जेवून लवंडले होते. हा बसलेलाच. मी म्हटलं, सो जाओ थोडा. म्हणाला, नींद नहीं है. तासाभरानं बघितलं, तसाच. डोळे झोपेनं मिटत होते, पण पाठ टेकत नव्हता.

मी सरांना गाठलं. "सर, बेड अकराला आज सोडायला नको."

"का?"

"मला तो ठीक वाटत नाही."

"कशावरून?"

ह्या वेळी माझ्याकडे आकडा नव्हता. ताप नव्हता, बीपी ठीक, ऑक्सिजन शहाण्णव. श्वास जरा जास्त होते, बावीस, पण हात भाजलेल्या माणसाचे असू शकतात. मी म्हणाले, "तो आडवा होत नाही, सर."

"आडवा होत नाही म्हणजे?"

"सकाळपासून पाठ टेकलेली नाही."

सर मुकाट्यानं माझ्याबरोबर आले. स्वतःच्या यंत्रानं बीपी घेतलं. छाती पुढून ऐकली, मागून ऐकली. नाडी घड्याळ लावून मोजली. मग स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून म्हणाले, "छाती साफ आहे. माणूस घरी जायला उतावीळ झालाय म्हणून बसलाय. पेपर द्या."

"मी देणार नाही."

डॉक्टरनं डिस्चार्ज लिहिल्यावर नर्सनं नाही म्हणायचं नसतं, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. आणि मी चुकले असते तर? हरिलाल टुणटुणीत घरी गेला असता, आणि पुढची जेवढी वर्षं नोकरी राहिली असती तेवढी वर्षं मला हा दिवस लाल शाईत वाचावा लागला असता.

"सिस्टर, तुमी डॉक्टर हाय की मी हाय?"

"तुम्ही आहात, सर. मला मेमो द्या. पण पेपर माझ्या हातून जाणार नाहीत."

सर लालबुंद. मी त्यांच्याकडे पाठ केली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. खाटेजवळ स्टूल ओढलं, हरिलालसमोर बसले आणि विचारलं, "भैया, सच बताओ. लेटते क्यों नहीं?"

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "लेटने से छाती भारी होती है, दीदी. कल टंकी में धुआँ भी लगा था थोड़ा. आँख-नाक जल रहा था."

"फिर बताया क्यों नहीं?"

"ठेकेदार बोला, सिर्फ हाथ का बताना. बाकी बताया तो काम से निकाल देगा."

मी मागे बघितलं. सर तिथेच उभे होते. चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग उतरला होता. विषारी धुराचं असंच असतं. माणूस दिवसभर बरा दिसतो आणि मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. ह्या भागातल्या डॉक्टरला ते सांगावं लागत नाही. पण धूर लागलाय हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दुपारपर्यंत छातीही काही सांगत नव्हती.

सरांनी माझ्या हातातले डिस्चार्जचे पेपर घेतले, चार तुकडे केले, खिशात घातले. "ऑक्सिजन लावा. एक्स-रे. मी इथेच आहे."

चार वाजता हरिलाल खोकायला लागला. साडेचारला ऑक्सिजन शहाण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. सरांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन केले, अँब्युलन्स बोलावली आणि स्वतःच तिच्यात चढले. मी आणि सिलेंडर आधीच आत होतो. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो, मनोर मागे पडलं. हरिलालचा बरा हात सरांनी धरला होता. तो घाबरून मास्क ओढायला बघायचा आणि सर आपल्या पालघरी हिंदीत त्याला समजावत, "तू डरू नको. ये सिस्टर है ना? ये छोडती नाय किसीको."

दर पाच मिनिटांनी ते मला विचारायचे, "किती?" मी सांगायची, "शहाऐंशी. नाडी एकशे तीस." ते कागदावर लिहायचे. त्या दीड तासात एकदाही त्यांनी स्वतः मोजलं नाही. मला हे तेव्हा कळलंसुद्धा नाही. हरिलालला वेळेवर पोचवून, त्याला आत घेतल्यावर, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी पाणी पीत होते तेव्हा कळलं.

हरिलाल आठ दिवसांनी बरा झाला. आम्हाला भेटायला आला, पेढे घेऊन.

आता कुणालाही वाटेल, ह्यानंतर राऊत सर बदलले असतील. हरिलालला पोचवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेआठला सर हजर. बॅग उघडली, टॉवेल सोडला, थर्मामीटर झटकला. बेड एकला मी नव्व्याण्णव लिहिलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. नव्व्याण्णव. "योगायोग," म्हणाले. मला त्यांच्या डोक्यात बेडपॅन घालावंसं वाटलं. आभार नाहीत, ‘चुकलं’ नाही, काही नाही.

दुपारी हरिलालचा केसपेपर रेकॉर्डला पाठवताना सहज उघडला. सर नेहमी इंग्रजीत लिहितात. शेवटच्या पानावर मात्र मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "डिस्चार्ज रद्द केला. रुग्ण आडवा होत नव्हता. हे सिस्टर गायकवाड यांच्या लक्षात आले, माझ्या आले नाही." खाली सही, तारीख, वेळ. मी ते निर्मलाला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "तोंडानं बोलला असता तर काय तोंड झिजलं असतं काय?" ती म्हणाली, पण कागद तिनं फार जपून परत ठेवला.

ह्या गोष्टीला वर्ष झालं असेल. पावसाळा संपता संपता सरांच्या हर्नियानं उचल खाल्ली. वाडीत नारळाचं पोतं उचललं म्हणे, स्वतः, ह्या वयात. ऑपरेशन आमच्याकडेच ठरलं, सर्जन पालघरहून येणार होते. सकाळी सात वाजता सर रिक्षातून एकटेच उतरले. हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन लुंग्या, टॉवेल आणि पाण्याची बाटली. आपला फॉर्म त्यांनी स्वतःच भरला. सगळे रकाने सुवाच्य. फक्त नातेवाइकाची सही आणि रुग्णाशी नातं, हे दोन रिकामे.

"बरोबर कोण आहे, सर?" मी विचारलं.

"भाऊ येतोय माहीमवरून. निघालाय."

नऊ वाजले. निर्मलानं विचारलं, "सर, भाऊ पोचला नाय अजून?" म्हणाले, "गाडी मिळाली नसेल." दहा वाजले. सर्जन आले, थिएटर तयार झालं. सर दाराकडे तोंड करून खाटेवर बसले होते. कुणी आत आलं की मान वर करायचे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली हे मला उडत उडत माहीत होतं. एक मुलगी ऑस्ट्रेलियात. "मुलीला कळवलंय?" मी विचारलं. "कशाला? उगाच तिकीट काढून येईल," ते म्हणाले. मग मी म्हणाले, "भावाचा नंबर द्या, मी लावते फोन."

त्यांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला.

"त्याला सांगितलेलं नाही, सिस्टर. आम्ही बोलत नाही. चौदा वर्षं झाली."

वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ कुणी ना कुणी होतं. कुणाची बायको डबा सोडत होती, कुणाची आई पाय चेपत होती. सात वर्षांत मी ह्या माणसाला प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाशी हुज्जत घालताना बघितलं होतं.

मी मोठ्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "नियमानं जवळचं माणूस हवं. पण नसेलच तर जबाबदारी घेणारं कुणीही चालेल. रकाना रिकामा नको."

मी परत आले. फॉर्म त्यांच्या उशाशी होता. तो घेतला, सही केली. दुसऱ्या रकान्याशी पेन जरा थबकलं. उभ्या आयुष्यात हजारो लोकांनी मला सिस्टर म्हणून हाक मारली असेल. पहिल्यांदाच मी त्याचं मराठी करून लिहिलं. बहीण.

फॉर्म त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी कागद लांब धरला. वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, आता काहीतरी काढणार. पण त्यांनी कागदाची नीट घडी घातली, मला परत दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. आम्ही दोघींनी त्यांना त्याच्यावर घेतलं. निर्मलानं चादर नीट केली, एरवी कधी करत नाही इतक्या हळुवारपणे.

थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं.

"सिस्टर," सर म्हणाले, "तुमचं माहेर कुठलं हो?"

"संगमनेरजवळ, सर."

"तिकडे डाळिंबं चांगली होतात म्हणे."

"होतात."

"मग दिवाळीला गेलात की आणा थोडी," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.